हात ठेवून सांगितलेला माल

फार जुन्या काळी, खाडीकाठच्या एका राज्यात घडलेली ही गोष्ट. त्या दिवशी व्यापाऱ्याच्या घरी नातवाचं बारसं होतं. बायका पाळणा सजवत होत्या, आणि गलबत धक्क्याला लागल्याची बातमी आली.

त्या बंदराची एक रीत होती. माल मागवणाऱ्याने स्वतः पोत्यावर हात ठेवून आत काय आहे ते सांगायचं. त्या शब्दावर जकातदार जकात घेई आणि माल ज्याच्या त्याच्याकडे धाडी. रंगाचा रंगाऱ्यांकडे, औषधाचा वैद्याकडे.

व्यापारी दर खेपेला रंगाच्या मुळ्या मागवी. यंदा गावात ताप पसरला होता, म्हणून वैद्याच्या सांगण्यावरून त्याने तापावरच्या मुळ्याही मागवल्या होत्या. दोन्ही दिसायला सारख्याच, तांबूस. जिभेवर ठेवल्या तरच फरक कळे. पण घरी पाहुणे खोळंबले होते. त्याने पोत्यांवर हात ठेवला आणि सवयीने म्हणाला, "सगळा रंगाचाच माल."

वैद्य विचारायला आला, तेव्हा ते या खेपेला आलंच नाही असं धरून, पुढच्या गलबताने येईल असं सांगून त्याने त्याला पेढा दिला.

काही दिवसांनी रंगारी कुरकुरत आला. "शेटजी, कसल्या मुळ्या दिल्यात? रंग नाहीच, पाणी मात्र कडूजहर. बायको म्हणते, लुगडी रंगवणं सोडा, आता काढे विका."

व्यापारी हसला नाही. तो तसाच रंगाऱ्यांच्या आळीत धावला. उकळलेल्या मुळ्या केव्हाच खाडीत टाकून झाल्या होत्या.

पुढचं गलबत येईपर्यंत तापाने काही माणसं गेली. त्यांत जकातदाराची बायकोही होती.

व्यापारी भेटायला गेला. मन खात होतं म्हणून असेल, बोलून गेला की नाक्यावर तुम्ही एखादं पोतं उघडून पाहायला हवं होतं.

जकातदार रागावला नाही. त्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"दुरून आलेला माल आम्ही काय ओळखणार, शेटजी? तुम्ही मागवलात, म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही सांगितलंत, म्हणून मी मानलं."

त्यानंतर व्यापारी प्रत्येक पोतं सोडी, मुळी चाखून पाही, आणि मगच बोले. मागे गलबतं खोळंबली तरी घाई करीत नसे.

मुलांनो, आणि मोठ्यांनोही, जो माल मागवतो, त्या मालात काय आहे हे नीट पाहून खरं सांगणं त्याचंच काम असतं.

चूक माझी होती, एवढं जकातदाराला सांगायचं मात्र व्यापाऱ्याकडून राहून गेलं.