राजाची अर्धी दाढी

राजा चंडकेतूच्या राज्यात बकुळाचं दुकान सोमवारपासून उघडता उघडत नव्हतं. दुकान इंटरनेटवरचं. बकुळा राजाची न्हावीण; वडिलांचे हात थरथरायला लागल्यापासून राजाची दाढी तीच करायची. त्या कामाचं वर्षाचं धान्य राजवाड्यातून मिळे, पण वडिलांचं औषध चाले ते तिच्या माक्याच्या तेलाच्या विक्रीवर. आता गिऱ्हाइकाने दुकानाला बोट लावलं की पडद्यावर चक्र गरगरत राही, आणि तेलाची बाटली दिसायच्या आत गिऱ्हाईक कंटाळून नगरशेठ झुंबरशेठच्या दुकानात शिरे. शेठचं तेल पाण्याहून पातळ, पण दुकान उघडे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच.

इंटरनेटची तार होती राजवाड्याच्या मालकीची. शेठने राजापुढे थैली ठेवली आणि राजाने हुकूम काढला, तारेतून आधी शेठचं दुकान, मग उरलेल्यांची.

बकुळा तडक दरबारात गेली.

"तुझं दुकान मी बंद केलंय का?" राजाने विचारलं.

"नाही, महाराज. पण ते उघडेपर्यंत गिऱ्हाईक पळतं."

"त्याला धीर नाही, त्यात माझा काय दोष? उशीर म्हणजे बंद नव्हे." राजा हट्टी होताच, वर शेठ शेजारी बसून मान डोलावत होता. "बरं, उशीर आणि बंद एकच, असं माझ्याच तोंडून वदवून दाखव. मुदत उद्या दुपारपर्यंत. नाही जमलं तर दुकान कायमचं गुंडाळ."

बकुळा शहाणी, ती वाद घालत बसली नाही. "जशी आज्ञा," म्हणाली आणि निघाली. जाता जाता शेठच्या कानाशी लागून तिने काहीतरी विकलं. शेठनेही खुशीत एक होन काढून दिला.

दुसऱ्या दिवशी राजाचे होणारे व्याही यायचे होते. राजा सकाळीच आरशापुढे बसला. बकुळाने साबण फासला, उजवा गाल लख्ख केला, आणि वस्तरा पुसून चालू लागली. पलीकडे झुंबरशेठ गळ्याला पंचा बांधून बसला होता. तिने त्याची दाढी सुरू केली.

"अगं, माझा डावा गाल राहिला."

"होतोय, महाराज. बंद कुठे केलंय?" ती आली, एकदा वस्तरा फिरवला आणि परत गेली.

शेठची दाढी झाली. मग मालिश. मग कानावरचे केस. राजाच्या गालावरचा फेस वाळून खाजू लागला, आणि तेवढ्यात वेशीवर व्याह्यांचे नगारे वाजले.

"बकुळे, आधी कोण? मी की तो?"

"शेठ. जलद दाढीसाठी त्यांनी काल एक होन जास्तीचा दिलाय."

"आणि मी फुकट करून घेतो? वर्षाचं धान्य तुझ्या घरी आधीच पोचलंय."

"लोकही इंटरनेटचे पैसे दर महिन्याला राजवाड्यात आधीच भरतात, महाराज. आपल्याला हवं ते दुकान उघडावं म्हणून."

राजाचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याला खिडकीतून व्याह्यांचा हत्ती दिसत होता. "पाहुणे आत आल्यावर दाढी झाली काय नि न झाली काय, सारखंच!" तो ओरडला.

बकुळाने वस्तरा खाली ठेवला आणि हात जोडले. "दुपार व्हायला अजून घटका आहे, महाराज. आणि बोललात आपणच."

शेठने हळूच पंचा सोडला. राजाने आरशात पाहिलं. एक गाल आरशासारखा, दुसरा पांढराफेक. त्याला हसू आवरेना.

"जिंकलीस! आजपासून तारेतून आधी तुझं दुकान, मग शेठचं, मग बाकीच्यांची. खूश?"

"नको, महाराज."

"आता का नको?"

"मग उद्या चपलावाला येईल, परवा पापडवाली येईल, आणि महाराजांना पटवून द्यायला त्यांच्यासाठी एकच गाल शिल्लक आहे."

राजा पोट धरून एवढा हसला की वाळलेला फेस शेठच्या अंगावर उडाला. त्याने तिथल्या तिथे हुकूम फिरवला. तार सगळ्यांना सारखी, शेठलाही. बकुळाच्या हातात स्वतःचं सोन्याचं कडं घातलं, व्याह्यांना दारात सरबत पाजत थांबवून ठेवायला सांगितलं आणि डावा गाल पुढे केला.