धाप लागण्याआधी

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध वैद्य राहत असत. भोवती नजर पोचेल तिथवर मिठागरं. भर दुपारी मिठाचे ढीग जमिनीपासून सुटून हवेत तरंगल्यासारखे दिसत. त्या उन्हात राबून राबून कित्येकांची मूत्रपिंडं निकामी होत. मग त्यांचं रक्त यंत्रावर धुवावं लागे, एक दिवसाआड, जन्मभर. वैद्यांकडे अशी दोन यंत्रं होती.

दाराशी त्यांचा शिष्य बसे. हुशार, चोख आणि अंमळ शिष्ट. ज्यांचा विमा होता त्यांना तो ठरल्या वारी आत घेई. परमुलखातून आलेल्या, विमा नसलेल्या मजुरांसाठी त्याने स्वतःच एक नियम केला होता: धाप लागली, जिवावर बेतलं, तरच यंत्र. यंत्रं दोन आणि माणसं फार. यापरता न्याय कोणता, असं त्याला मनापासून वाटे.

एके दिवशी पाय सुजलेला एक मजूर आला. शिष्याने रक्त तपासलं आणि म्हणाला, "अजून वेळ आहे. धाप लागली की ये."

मजूर मुकाट्याने बाहेर गेला, माडाखाली बसला आणि त्याने शहाळं तोंडाला लावलं. शिष्य धावतच सुटला.

"अरे, मरायचंय का? शहाळ्यातलं पाणी आणि क्षार तुझ्या अंगातच साठतात, ते तुला विष आहे, बजावलं होतं ना?"

"ठाऊक आहे, साहेब," मजूर म्हणाला. "पण हे प्यायलं की धाप लागते. मग तुम्ही आत घेता."

शिष्य संतापला. "गुरुजी, हा आपल्याला फसवतोय!"

वैद्य बाहेर आले. त्यांनी मजुराच्या हातातलं शहाळं काढून घेतलं, त्याला आधार देऊन आत नेलं आणि यंत्राला जोडलं. मग शिष्याला शेजारी बसवून ताकाचा भला थोरला तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

"पी सगळं. आणि मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

गुरूंची आज्ञा, शिष्य प्यायला. यंत्र एका लयीत घुमत होतं, नळीतून रक्त संथ फिरत होतं, खिडकीबाहेर पांढरे ढीग तरंगत होते. त्याला गुंगी येऊ लागली. पण थोड्याच वेळात गुंगी पार उडाली.

"गुरुजी, जरा जाऊन येतो."

"बैस. अजून तितकी निकड दिसत नाही."

घटका गेली. शिष्य पाय आवळून बसला. कपाळावर घाम आला.

"गुरुजी, आता खरंच..."

"कण्हत तर नाहीस."

आणि शिष्य कण्हला. त्रास होत होता त्याहून मोठ्याने, मुद्दाम. स्वतःचाच आवाज कानी पडला तसा तो चपापला आणि त्याने मान खाली घातली.

"जा," वैद्य हळूच म्हणाले.

तो परतला तेव्हा मजूर झोपला होता. वैद्य म्हणाले, "बाळ, तुला खोटं बोलण्याची सवय नाही. दोन घटकांत मी ती लावली. या माणसाला तर तू दर आठवड्याला मरणाच्या दारापर्यंत धाडतोस आणि तिथं जायला त्यानं आडवाट शोधली, म्हणून रागावतोस. त्याला तिथून ओढून आणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात दोघांचं रक्त धुऊन होतं. पहाटे दोन्ही यंत्रं रिकामीच असतात. तू उठशील का, एवढाच प्रश्न आहे."

शिष्याला फार लाज वाटली. तो बराच वेळ त्या झोपलेल्या माणसाच्या सुजलेल्या पायांकडे पाहत राहिला.

ऊन उतरलं तसा मजूर जागा झाला आणि चपला चाचपू लागला. शिष्याने त्या त्याच्या पायांशी सरकवल्या.

"परवा पहाटे ये."

"धाप लागली तर येतो, साहेब."

"नको. लागण्याआधीच ये."

मजूर त्याच्याकडे पाहतच राहिला. "आणि बरं वाटत असलं, तर?"

"तर चालत ये," शिष्य म्हणाला. "मी दारात असेन."