कोंबड्यांच्या पाण्याचा तवा

या बाळांनो, जवळ बसा, आणि आधी मला एक सांगा. बाजारात दोन दुकानदार आहेत. एक म्हणतो, "डोळे मिटून घ्या हो, दुकान आपलंच आहे!" दुसरा म्हणतो, "घाई नको, आधी वाजवून बघा." तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? नीट विचार करा. मी जन्मभर जुनी भांडी घेतोय आणि विकतोय. शाळा माझी दुसरीतच सुटली. याचं उत्तर मला शिकवलं ते एका नऊ वर्षांच्या मुलीनं.

तिचं नाव सुरंगी. खाडीकाठच्या एका गावात ती नि तिची आई राहायच्या. घरात तिसरं कुणी असेल तर ते एक पांढरं मांजर, आणि तेही घावनांच्या आशेनं टिकलेलं. दर गुरुवारी सुरंगीची आई बाजारात चूल मांडायची आणि बिडाच्या तव्यावर तांदळाच्या पिठाची घावनं घालायची. बीड म्हणजे ओतीव लोखंड, काळं, जड नि शांत. त्यावरचं घावन कसं? चांदण्यासारखं पांढरं, नि जाळी अशी की मोगऱ्याची फुलं विणून केलीय!

पण एका गुरुवारी घात झाला. आई दमली होती. सुरंगीला वाटलं, आपणच तवा धुऊन ठेवू. तिनं विहिरीचं गार पाणी आणलं आणि तापलेल्या तव्यावर ओतलं. टण्ण! तवा या कडेपासून त्या कडेपर्यंत चिरला.

आई रागावली नाही. नुसती म्हणाली, "बिडाला असं एकदम गार करायचं नसतं गो, बाय. मी सांगायला हवं होतं." सुरंगीला वाटलं, त्यापेक्षा चार धपाटे बरे.

त्या बाजाराचा एक नियम होता. ज्याची जागा सलग तीन गुरुवार रिकामी राहील, त्याची जागा दुसऱ्याला जाईल. नव्या तव्याला पैसे नव्हते, नि दोन गुरुवार रिकामे गेले होते. तिसरा उद्यावर आला होता.

त्या बुधवारी सकाळी सुरंगी गोदामावशीच्या सुपारीच्या बागेत झावळ्या गोळा करायला गेली. बागेत काय शोभा होती! पाटाचं पाणी झुळझुळ करत होतं, केळीच्या पानांवर दवाचे इवले इवले मणी होते, आणि जायफळाच्या फांदीवर एक निळा निळा पक्षी झोके घेत होता. पण सुरंगीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला त्यातलं काही दिसेना.

तेवढ्यात चिवचिव ऐकू आली. केळीखाली एक गंजलेला तांबडा तवा पडला होता. त्यात गोदामावशी कोंबड्यांना पाणी ठेवायची. एक पिटुकलं पिवळं पिल्लू मान उंच उंच करत होतं, पण त्याची चोच काही पाण्याला पोचत नव्हती.

"थांब रे छोट्या," सुरंगी म्हणाली. तिनं डोळे पुसले, ओंजळीत पाणी घेतलं नि पिल्लाला पाजलं. ओंजळ भरताना तिचं नख तव्याला घासलं. तांबडी भुकटी उडाली. ती भुकटी खाली पडलीच नाही. ती उन्हात गरगर फिरली, लखलखली, आणि तिच्यातून अंगठ्याएवढी एक परी उभी राहिली! गेरूच्या रंगाचं परकर-पोलकं, केशरी पंख, आणि नाकात थेंबाएवढी चमकी.

"मी गेरुली," परी म्हणाली. "पिल्लाला पाणी पाजलंस, मला बरं वाटलं. माग एक इच्छा."

"एकच?"

"तीन इच्छा देणाऱ्या पऱ्या श्रीमंत घरच्या गं. मी गंजात राहते."

सुरंगीला हसू आलं. "मग आमचा चिरलेला तवा जोडून दे."

"चिरलेलं बीड माझ्यानं जोडवत नाही. दुसरं माग."

"मग आईला एक चांगला तवा दे. उद्या सकाळपर्यंत."

"देईन. पण अट आहे," गेरुली हळूच म्हणाली. "मी तुझ्या कानांना नि डोळ्यांना पारख देते. जुन्या वस्तूचं खरं मोल तुला कळेल. कळलं की ते आधी तिच्या मालकाला सांगायचं. गप्प राहिलीस, तर इच्छा मोडली."

परीनं फुंकर मारली. सुरंगीच्या कानांत बारीक घुंगरू वाजलं. तिनं पाणी ओतून तवा उपडा केला, बोटानं वाजवला. खण्ण! देवळातल्या घंटेसारखा गोड नाद आला. गंजाखाली तिला तीन नाजूक पाय दिसले, आणि तळाशी ओतणाऱ्या कारागिरानं उमटवलेला नखाएवढा मासा. असा पातळ, असा हलका, असा देखणा तवा आता कुणी ओतत नाही! 'हाच तो!' सुरंगी हरखली. 'हाच आईचा तवा!'

आणि नेमका तेव्हाच बागेच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, एक छकडा थांबला. त्यात होतो मी, आणि माझ्या जुन्या भांड्यांचा ढीग. माझी नजर भारी तयार. लांबूनच मी तो मासा टिपला. शहरात एक बाई असे खुणेचे तवे जमवतात, त्या याला काय म्हणाल ते देतील, हे मला ठाऊक होतं. पण तोंडावर मी काही दाखवलं नाही हो!

"गोदामावशी," मी म्हणालो, "ते गंजकं डबडं देऊन टाका. त्याच्या बदली ही दोन चकचकीत ताटं घ्या."

"दोन ताटं? कोंबड्यांच्या पाण्याला?" मावशी खुदकन हसली. "शेटजी, ऊन लागलं काय तुम्हाला? न्या, न्या!"

 सुरंगी गप्प राहिली असती, तर तवा माझ्या छकड्यात गेला असता. ती मावशीच्या कानात 'मलाच द्या' म्हणाली असती, तर मावशीनं तिला फुकटही दिला असता. आणि खरं सांगितलं तर? एवढ्या मोलाची वस्तू मग कोण देणार घावनांसाठी? तिनं आपल्या घराच्या दिशेनं पाहिलं. मग मावशीच्या घराकडे पाहिलं. छपराची निम्मी कौलं फुटली होती.

"मावशी, देऊ नको," ती म्हणाली. "हे डबडं नाही. फार जुना, खुणेचा तवा आहे. त्याचं मोल तुझ्या छपराएवढं आहे."

माझा चेहरा असा काही पडला म्हणता! मावशीनं कमरेवर हात ठेवले. "काय हो शेटजी? मुलगी बोलते ते खरं?"

आता खोटं बोलणार कसं? समोर त्या पोरीचे दोन मोठे मोठे डोळे. "खरं आहे," मी म्हणालो.

"मग ताटं ठेवा तुमच्याकडे. माझं छप्पर नव्या कौलांनी शाकारून द्या. तरच तवा."

मी कबूल झालो. तवा छकड्यात गेला. मावशीनं सुरंगीला कुशीत घेतलं. सुरंगी हसली, पण तिच्या गालावरून एक थेंब टपकन ओघळला. मी ते पाहिलं.

"पोरी, तुला कसं गं कळलं?" मी विचारलं.

"वाजवून."

"मग माझीही भांडी वाजवतेस?"

ती छकड्यावर चढली. खण्ण, खण्ण, थप! जे थप वाजलं ते तडा गेलेलं. माझ्या तयार नजरेतून निसटलेले चार तवे तिनं बाजूला काढले. चढ्या भावानं विकणार होतो मी ते! नंतर ढिगाच्या तळातून तिनं एक काळा कुळकुळीत तवा ओढला. ना पाय, ना मासा, कडा जाड नि ओबडधोबड. तिनं तो बोटानं वाजवला. खण्ण!

"शेटजी," ती अटीप्रमाणे म्हणाली, "याचं मोल सांगू? जमवणाऱ्यांना हा कवडीचा नाही. पण कुणा सुगरणीनं याला वर्षानुवर्षं तेल पाजलंय. स्वयंपाकाला याच्यासारखा तवा नाही."

मी तो वितळवायला नेत होतो, बाळांनो! तो उचलून मी तिच्या हातात ठेवला. "तू माझी अब्रू राखलीस. हा तुझा."

गुरुवारी सकाळी चूल पेटली. आईनं कांद्याच्या फोडीनं तव्याला तेल लावलं, पीठ ओतलं, चर्रर्र! कड आपोआप सुटली. आईनं पहिलं घावन उचलून उन्हाकडे धरलं, आणि त्याच्या इवल्या इवल्या जाळीतून सोनेरी कवडसे सांडले. त्या कवडशांत सुरंगीला गेरुली दिसली. तिनं हात हलवला, केशरी पंख मिटले, आणि ती सगळी उजेड होऊन गेली. तेवढ्यात ते घावन माझ्या पानात पडलं.

परीचं हे सगळं मला सुरंगीनंच सांगितलं, मी घावन खाता खाता. तर बाळांनो, तुम्हीही मोठी व्हाल, कुणी दुकान मांडाल, कुणी घर चालवाल. एवढीच विनंती: जे दुसऱ्याचं आहे ते त्याच्याच नावावर लिहा, कुणी बघत असो वा नसो, आणि हिशेब सचोटीनं ठेवा.