सुरंगीच्या अंगणातली मर्यादवेल

समुद्राची गाज जिथे उशाशी ऐकू येते, अशा एका वाडीत सुरंगी नावाची चिमुकली मुलगी आईबरोबर राहायची. घर इवलंसं, अंगण मात्र ऐसपैस आणि सगळं वाळूचं. आई दाराशी अबोली लावायची आणि तिच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, गुंफून विकायची. त्यावरच दोघींचं पोट भरायचं. पण वारा सुटला की पांढरी वाळू भुरूभुरू उडत यायची आणि केशरी अबोली बिचारी गळ्यापर्यंत बुडायची.

"औंदा अबोली जगली नाय, तर घर सोडून मामाकडे जाऊचा लागतला," आई म्हणाली. सुरंगीला रडूच आलं. तिला आपलं घर फार आवडायचं.

एके सकाळी ती विहिरीवरून पिटुकल्या कळशीतून पाणी आणत होती. वाटेत किनाऱ्यावर कुणीतरी होडी ओढून नेली होती आणि तिच्याखाली एक वेल उपटली गेली होती. तिची नाजूक मुळं उन्हात तडफडत होती. सुरंगीला कसंसंच झालं. तिने मुळांवर ओली वाळू सारली आणि कळशीतलं पाणी हळूच ओतलं.

वेलीवरचं जांभळं फूल हललं. आतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. तिचे पंख जांभळे, झगा गुलाबी, आणि केसांत वाळूचे कण चमचमत होते.

"ही माझी मर्यादवेल," परी गोड आवाजात म्हणाली. "तू तिला जपलंस. माग, तुला काय हवं?"

"आमचा घर वाळूखाली जाव नये," सुरंगी म्हणाली. "आणखी काय नको."

"बरं. या वेलीचे तुकडे अंगणात आडवे पुर. पानं धरेपर्यंत घोटभर पाणी दे, मग तेही नको. पण माझे दोन नियम आहेत. वेलीवर खराटा फिरवायचा नाही. आणि कुणी वेल मागितली, तर नाही म्हणायचं नाही."

सुरंगीने वेलीचे तुकडे अंगणात पुरले. आता खराटा न फिरवणं म्हणजे त्या वाडीत केवढी पंचाईत! तिथे दिवस उजाडायचा तोच खराट्याच्या खरखरीने. शेजारच्या काशीकाकीचं अंगण तर इतकं लख्ख, की तिथे पडायला पानसुद्धा घाबरायचं.

"आंगण झाडूक नाय, गो चेडवा? लाज नाय वाटत?" काकी कुंपणावरून रोज टोमणे मारायची. सुरंगी खाली मान घालून हसायची आणि खराटा कोपऱ्यातच ठेवायची. आईनेही लेकीसाठी मन घट्ट केलं आणि खराट्याला हात लावला नाही.

वेल हळूहळू पसरली. पेरापेराला मुळं फुटली, हिरवी गोलगोल पानं वाळूला बिलगून बसली, जांभळी फुलं डोलू लागली. पण उन्हाळी वारे सुटले, आणि वाळू पुन्हा अबोलीवर आली. या वेळी ती आली काशीकाकीच्या लख्ख अंगणातून. आईने मामाकडे जाण्यासाठी बोचकं बांधायला घेतलं.

त्याच दुपारी काकी कुंपणाशी आली. तिचा चेहरा पडला होता. "माझो उंबरोसुद्धा बुडालो, गो. माका थोडी वेल देशीत?"

सुरंगीला सगळे टोमणे आठवले. तिला रागही आला. आपली वेल आताच कुठे धरली होती, ती कापायला तिचा जीव होईना. पण काकीच्या डोळ्यांतलं पाणी तिला बघवलं नाही. तिने चांगल्या लांब फांद्या कापल्या, काकीच्या अंगणात स्वतः पुरल्या, आणि लाजत म्हणाली, "काकी, आता खराटो नको हां."

"नाय गो बाय," काकी म्हणाली, आणि खरंच तिने खराटा माळ्यावर टाकला.

परीची जादू ती! रातोरात दोन्ही अंगणांवर एकच हिरवा गालिचा पसरला. सकाळी वारा आला, वेलीवरून खेळून गेला, पण वाळू जागची हलली नाही. अबोलीवर केशरी कळ्यांचे घोसच्या घोस लागले होते.

फुलातून परी वर आली. "वाऱ्याला कुंपण कळत नाही, सुरंगी. एकट्या तुझ्या अंगणाने ही वाळू थांबली नसती. तू काकीला वेल दिलीस, आणि तुझं घर वाचलं."

तिच्याभोवती गुलाबी उजेड फुलला, पानापानावर सांडला, आणि परी त्यात विरघळून गेली. सुरंगी आईला हाक मारत धावली. कुंपणापलीकडून काशीकाकी मात्र वाडीतल्या बायकांना ओरडून सांगत होती, "वेल होयी तर येवा गो, आमच्याकडे कोणाक नाय म्हणनत नाय!"