केरबाचा प्रचार आणि खालच्या आळीचा नळ

बोरवाघळी नावाचं एक गाव होतं, आणि गाव म्हटलं की त्यात एक तरी भोळा असायचाच. बोरवाघळीच्या भोळ्याचं नाव केरबा. अंगाने धिप्पाड, मनाने लोण्यासारखा, आणि डोक्याचं काय सांगायचं? डोकं होतं, एवढं खरं. "दूध उतू जाईल, बघत राहा," असं सांगितलं, की दूध पार चुलीत जाईपर्यंत तो डोळ्यांची पापणी न हलवता बघत राहायचा.

त्याची आई पारूआक्का. मायलेक खालच्या आळीत राहायचे. वरच्या आळीत नळ होते, मधल्या आळीत नळ होते, खालच्या आळीत मात्र एकही नाही. नगराध्यक्ष दौलतराव सांगायचे, पाणी खाली पोचत नाही. पाणी वरून खाली येत नाही हे शास्त्र जगात फक्त बोरवाघळीतच चालायचं. मग पारूआक्का दुखरे गुडघे घेऊन ओढ्यापलीकडच्या विहिरीवर जायची आणि डोक्यावर हंडा घेऊन यायची. तुम्ही म्हणाल, एवढा धिप्पाड मुलगा असताना? अहो, एकदा पाठवलं होतं त्याला. "हंडा भरून आण" म्हणाली. विहिरीवर गर्दी होती, म्हणून याने ओढ्यातली वाळू भरून आणली. पाण्याने भर असं तिने सांगितलंच नव्हतं.

तर अशात नगराध्यक्षाची निवडणूक लागली. दौलतरावांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या कालिंदीताई, सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्सबाई. अर्ध्या गावाची नाळ त्यांनीच कापलेली. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाणी सगळ्यांना सारखं. झाडूवाल्यांना कायमची नोकरी. घरावर बाईचंही नाव. आणि निवडून आल्यावर पहिला नळ खालच्या आळीत. लोकांना हे गोड वाटायचं, पण उघडपणे ताईंबरोबर फिरायला कुणी तयार होईना. उगीच दौलतरावांच्या डोळ्यांवर कोण येणार? शेवटी पारूआक्काने केरबाला पुढे केलं.

"जा," ती म्हणाली, "ताई सांगतील ते कर. ताई आल्या तर माझ्या डोक्यावरचा हंडा उतरेल."

ताईंनी त्याला एक हातगाडी दिली. गाडीवर बॅटरी, बॅटरीवर भोंगा. हातात माइक दिला आणि सांगितलं, गल्लीगल्लीतून फिरायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "जुनं जाऊ द्या, नवं येऊ द्या!"

केरबा निघाला. पेठेत पोचला तर समोरून तात्या खोतांची अंत्ययात्रा. तात्या म्हणजे गावातले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ. थोरला मुलगा मडकं धरून पुढे, मागे सगळी भावकी. केरबाने विचार केला, एवढी माणसं एका जागी पुन्हा कुठे मिळायची? त्याने गाडी यात्रेच्या मागे लावली आणि थेट स्मशानापर्यंत भोंग्यातून ओरडत गेला, "जुनं जाऊ द्या, नवं येऊ द्या!"

खोतांच्या भावकीने तात्यांना खाली ठेवलं आणि केरबाला उचललं.

ताईंनी त्याच्या पाठीला मलम लावलं. मग समजावलं, की माणसं रडताना दिसली की भोंगा बंद करावा. टोपी काढावी. जवळ जाऊन हळूच म्हणावं, धीर धरा, गेलेलं माणूस परत येत नाही, ताई तुमच्या पाठीशी आहेत.

"चुकलंच माझं ताई," केरबा म्हणाला. "आता पुढच्या वेळी तसंच करतो."

आणि केरबा दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हता. सगळा घोटाळा तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या आळीत एका लग्नाची पाठवणी चालली होती. नवरी आईच्या गळ्यात पडून रडत होती, आई रडत होती, बाप उपरण्याने डोळे पुसत होता. केरबाने लांबूनच बघितलं, माणसं रडताहेत. त्याने भोंगा बंद केला. जाताना वाजंत्रीवाल्यांनाही गप्प केलं. टोपी काढली, नवरीच्या बापाचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाला, "धीर धरा. गेलेलं माणूस परत येत नाही. ताई तुमच्या पाठीशी आहेत."

नवरीच्या आईने हंबरडा फोडला. नवरदेवाने गोंधळून आपलाही फेटा काढला. नवरदेवाची आत्या मात्र गोंधळली नाही. तिने हातातलं निरांजन खाली ठेवलं, दोन्ही हात मोकळे केले आणि केरबाला वेशीपर्यंत पोचवून आली.

ताईंनी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, अरे बाबा, अशा वेळी अक्षता टाकाव्यात. असेच जन्मभर एकमेकांना धरून राहा, असं हसतमुखाने म्हणावं. वर आपलंही सांगावं, की घरावर बाईचं नाव लावा. आणि त्यांनी त्याच्या खिशात मूठभर अक्षता भरल्या.

"चुकलंच माझं ताई. आता पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढची वेळ यायला उशीर लागला नाही. सुतारांच्या वाड्यासमोर रंगनाथ आणि तुळशीदास हे सख्खे भाऊ बापाच्या घरावरून जुंपले होते. याने त्याची गचांडी धरलेली, त्याने याचे केस. केरबाला वाटलं, काय प्रेमाने धरलंय एकमेकांना! त्याने दोघांच्या डोक्यांवर अक्षता टाकल्या आणि भोंग्यातून म्हणाला, "असेच जन्मभर एकमेकांना धरून राहा! घरावर बाईचं नाव लावा!"

भावांनी लगेच एकमेकांना सोडलं आणि मिळून केरबाला धरलं. इतकी वर्षं भावकीला जे जमलं नाही, ते केरबाने एका वाक्यात केलं. पण आत त्यांची म्हातारी आई होती. तिने ते ऐकलं. बाईचं नाव म्हणजे आपलंच की, हे तिच्या ध्यानात आलं. तिने आतून कडी घातली आणि खिडकीतून दोन्ही मुलांना सांगून टाकलं, की जेवायचं असेल तर विचारून यायचं. म्हातारीचं मत ताईंना पक्कं झालं. मुलांची दोन्ही गेली.

एव्हाना ताई थकल्या होत्या. तरी त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी केरबाला समोर बसवलं आणि सांगितलं, "हे बघ, दोघं भांडताना दिसले की कुणा एकाची बाजू घेऊ नये. आपल्याजवळ जे असेल ते मधोमध वाटावं. सगळ्यांना सारखं. आपलं सगळं बोलणं तेवढंच आहे, केरबा. एवढं एक लक्षात ठेवलंस तरी मला खूप झालं."

हे मात्र केरबाला मनापासून पटलं. घरी जाईपर्यंत तो तेच घोकत होता.

प्रचार संपला. ताईंनी हातगाडी काढून घेतली आणि आता काही काही करू नकोस, फक्त आईला घेऊन जा आणि मत दे, असं सांगितलं. मतदानादिवशी केरबा आईला पाठुंगळी घेऊन शाळेत गेला. आईने मत दिलं, त्याने दिलं, दोघं घरी आले. कुठे काही बिघडलं नाही. ताईंना बरं वाटलं.

मतमोजणी झाली. अधिकाऱ्यांनी आकडे बघितले, चष्मा पुसला, पुन्हा बघितले. दोघांना मतं अगदी सारखी! फेरमोजणी केली, तरी सारखीच. केरबा एकटाच टाळ्या वाजवत होता.

आता चिठ्ठी टाकायची. एका डब्यात दोन चिठ्ठ्या, एकीवर ताईंचं नाव, एकीवर दौलतरावांचं. निघेल त्याची खुर्ची. चिठ्ठी कुणी काढायची? दौलतराव म्हणाले, केरबाला काढू द्या, त्याच्याइतकं निष्पाप माणूस गावात नाही. ताईंना प्रचाराचे सगळे दिवस आठवले. पण नाही कशी म्हणणार? बाहेर खालच्या आळीच्या बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या, आणि सगळ्यांत पुढे पारूआक्का.

केरबाने डब्यात हात घातला. भाजी ढवळावी तसं ढवळलं. एक चिठ्ठी काढली. दौलतराव पुढे झाले, ताई पुढे झाल्या, दोघांचे हात त्याच कागदाकडे. केरबाने दोघांकडे बघितलं. भांडणाची लक्षणं स्पष्ट होती. त्याने चिठ्ठी दोन्ही हातांच्या चिमटीत मधोमध धरली.

ताईंनी झडप घालून त्याचं मनगट पकडलं. जन्मभर निसटती बाळं पकडलेला हात तो.

"केरबा," त्या म्हणाल्या, "ही साहेबांना दे. अख्खी."

त्याने दिली. अधिकाऱ्यांनी उघडली आणि वाचली. कालिंदीताई!

बाहेर बायांनी हंडे बडवले, गुलाल उडाला, ताई भर रस्त्यात रडल्या. पारूआक्काने घरी आल्यावर केरबाला ओवाळलं, त्याच्या हातावर गूळ ठेवला आणि डोळे पुसत म्हणाली, "आपली दोन मतं पडली म्हणून निदान बरोबरी तरी झाली रे. नाहीतर ताई हातच्या गेल्या होत्या."

"दोन कुठली, आये?" केरबा गूळ चघळत म्हणाला. "ताईंना तुझं एक."

"आणि तुझं?"

"माझं दौलतरावांना. दोघं भांडत होते की नाही? आपल्या घरात मतं दोन. मग मधोमध वाटली. सगळ्यांना सारखं."

पारूआक्काने ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. पोराने आपलं मत ताईंना दिलं असतं, तर ना बरोबरी झाली असती, ना चिठ्ठी, ना हा जिवाला घोर. तिच्या नळाचा जीव त्या डब्यात टांगला होता, आणि टांगणारा हा समोर गूळ खात बसला होता. तिने उठून हंडा आणला आणि केरबाच्या डोक्यावर ठेवला.

"नळ येईपर्यंत रोज तू जायचं," ती म्हणाली. "आणि भरून आणायचा. पाण्याने."

केरबा गेला. बऱ्याच वेळाने आला. पारूआक्काने हंड्यात डोकावून बघितलं. पाणीच होतं, पण अर्धंच.

"अर्धं कुठे सांडलंस?"

"सांडलं नाही, आये. वाटेत दौलतरावांचं घर लागलं."