उंबराची निर्जळी

नवा डांबरी रस्ता देवळापुढच्या उंबराच्या बुंध्याला अगदी चिकटून झाला, तेव्हापासून झाड सुकायला लागलं. दर गुरुवारी निर्जळी उपास धरून त्याला पाणी घालणाऱ्या वेणूकाकूंचा जीव तुटत होता. अशातच पर्यावरणाची तपासणी करायला कुसूरकर साहेब आले. अहवाल ते घरूनच लिहून आले होते. गावकऱ्याची सही तेवढी राहिली होती.

"काकू, फांदीसुद्धा तोडलेली नाही. झाडाला धक्का शून्य! करा सही."

"देव तुमचं भलं करो. आज गुरुवार आहे, तुमच्याच हातानं एक तांब्या घाला. झाड प्यालं की सही करते."

साहेबांनी डोळे मिटून तांब्या ओतला. पाणी डांबरावरून ओघळलं ते थेट त्यांच्या बुटांत.

काकूंनी हात जोडले. "माझा उपास दिवेलागणीला सुटतो, साहेब. उंबराला तुम्ही धरायला लावलेली निर्जळी कधी सुटायची, तेवढं अहवालात लिहा."

साहेबांनी पहारी मागवल्या. बुंध्याभोवतीचं डांबर निघेपर्यंत दिवेलागण झाली. काकूंनी तांब्या ओतला. माती घटाघटा प्याली. मग उरलेल्या घोटावर काकूंनीही उपास सोडला.