साइड स्टँडचा जयजयकार

गाड्यांचे सुटे भाग माणसांसारखे बडबडायचे, त्या काळची गोष्ट. शेवंतामावशीच्या स्कूटरचा साइड स्टँड भलता हौशी. "गाडी निघाली की पोटाशी पाय घेऊन बसायचं? छट्!" असं तो रोज कुरकुरायचा.

एके दिवशी मावशी भाचीला मागे बसवून घाईघाईत जत्रेला निघाली आणि स्टँड वर करायलाच विसरली. पाय बाहेर, वारा मोकळा, स्टँडची स्वारी एकदम खुशीत! तेवढ्यात पानवाला ओरडला, "मावशी, स्टँड!" शाळेची पोरं हात हलवत ओरडली, "स्टँड! स्टँड!"

"बघ, गावभर माझाच जयजयकार!" स्टँड मागच्या चाकाला म्हणाला.

"अरे येड्या, पाय आत घे!" चाक किंचाळलं.

डावं वळण आलं, गाडी कलली, स्टँड रस्त्यावर खर्रकन घासला आणि मावशी, भाची, स्कूटर तिघीही भाजीवालीच्या मेथीच्या ढिगात! नशीब, खरचटण्यावर निभावलं.

अंगावरची मेथी झटकत मावशीनं स्टँड वर केला. त्यानंही पाय पोटाशी घट्ट धरला. एवढ्यात समोरून एक मोटारसायकल आली. तिचाही स्टँड खाली लोंबत होता. आपला स्टँड जिवाच्या आकांतानं ओरडला, "स्टँड! स्टँड!"

समोरचा ऐटीत म्हणाला, "बघा, आता तर भाऊबंदसुद्धा माझा जयजयकार करायला लागले!"